खर्डा पुरा झाल्यावर : प्रेमकादंबरी आणि लेखकाच्या सवयी

मराठी कादंबरीसंबंधी आपल्याकडे जे समीक्षालेखन झाले आहे ते बहुतांशी छापून आलेल्या पुस्तकासंबंधी आहे. पुस्तक छापण्यापूर्वी लेखकाच्या टेबलावर जो कच्चा खर्डा तयार होतो, आणि तो पुरा झाल्यावर लेखकाला स्वतःविषयी जे काही कळते, त्याचा विचार क्वचितच होतो. हस्तलिखिते जपण्याची आपल्याकडे परंपरा नाही. खोडलेली पाने रद्दीत जातात आणि वाचकासमोर येते ती शेवटची, स्वच्छ प्रत. त्यामुळे लेखनाच्या सवयी हा विषय लेखकाच्या खासगी व्यवहाराचा मानला जातो. आमच्या मते तो समीक्षेचाही विषय आहे. लेखकाची सवय पुस्तकात उतरते, पुस्तकातून वाचकाच्या कानात बसते आणि पुढच्या पिढीच्या लेखणीतून पुन्हा बाहेर येते. बालाघाटसारख्या ठिकाणी राहून मराठीत लिहू पाहणाऱ्यांना तर हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

विचारासाठी आम्ही प्रेमकादंबरी निवडली आहे, तिला कारण आहे. ऐतिहासिक कादंबरीत घटनांचा पुरवठा बखरी करतात आणि रहस्यकथेत गुंतागुंत स्वतःच वाचकाला पुढे नेते. प्रेमकादंबरीत मात्र काय होणार हे वाचकाला साधारण ठाऊक असते. दोघे भेटतील, काही आड येईल, मग मिलन होईल किंवा ताटातूट. १८६१ सालच्या लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या 'मुक्तामाला'पासून आणि १८६८ सालच्या नारो सदाशिव रिसबूड यांच्या 'मंजुघोषा'पासून ही चौकट आपल्या परिचयाची आहे. चौकट ठरलेली असल्यामुळे लेखकाकडे स्वतःचे म्हणून उरते ते सांगणे. वाक्य कसे सुरू होते, प्रकरण कशावर संपते, नायिका प्रथम कोठे दिसते, दोघे एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात, एवढेच त्याच्या हातात राहते. म्हणून लेखकाच्या सवयी जितक्या उघड्या प्रेमकादंबरीत पडतात, तितक्या अन्य प्रकारात पडत नाहीत.

या सवयी लिहिताना दिसत नाहीत. एक प्रकरण लिहून झाले म्हणजे त्यातील अलंकार शोभून दिसतो. तोच अलंकार बाराव्या प्रकरणात पुन्हा आला आहे हे कळण्यासाठी बारावे प्रकरण लिहून व्हावे लागते आणि पहिल्यापासून सलग वाचावे लागते. खर्डा पुरा होणे याचे महत्त्व एवढ्यासाठी आहे. अर्धवट सोडलेल्या दहा कादंबऱ्या लेखकाला जे शिकवत नाहीत ते एक पुरी केलेली, मग ती सामान्य का असेना, शिकवते.

आता आपल्या कादंबरीकारांकडे या दृष्टीने पाहू. हरि नारायण आपटे यांना प्रेमकादंबरीकार म्हणता येणार नाही. पण मराठी कादंबरीच्या सवयींचा विचार त्यांच्यापासून सुरू करावा लागतो. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यातून क्रमशः दिली. पुरा खर्डा समोर ठेवून मागेपुढे पाहण्याची सोय या पद्धतीत नव्हती. लिहिलेले प्रकरण छापखान्यात जाई आणि लेखक पुढच्या अंकाच्या चिंतेत पडे. हरिभाऊंच्या कादंबऱ्यांतील पाल्हाळ, वाचकाला मध्येच थांबवून दोन शब्द सांगण्याची त्यांची लकब, मागच्या प्रकरणाची आठवण देत पुढे जाणे, हे सारे साप्ताहिकाने लावलेले वळण आहे. 'गणपतराव', 'कर्मयोग' यांसारख्या त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. एवढ्या मोठ्या प्रतिभेच्या लेखकालाही पुरा खर्डा समोर ठेवून स्वतःला वाचण्याची सवड मिळाली नाही. 'पण लक्षात कोण घेतो?'मधील यमुनेचा आवाज या सर्व अडचणींतून आजही आपल्यापर्यंत पोचतो, कारण तेथे पाल्हाळ हा त्या बाईच्या बोलण्याचा स्वभावच होऊन गेला आहे. लेखकाची सवय पात्राच्या अंगी बसली म्हणजे ती दोष राहत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

ना. सी. फडके यांचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. सवय म्हणजे काय हे त्यांना पुरते कळले होते. १९१७ साली मेरी कॉरेलीच्या एका इंग्रजी कादंबरीच्या आधारे लिहिलेल्या 'अल्ला हो अकबर'पासून त्यांची कादंबरी सुरू झाली. पुढे 'कुलाब्याची दांडी' (१९२५), 'जादूगार' (१९२८), 'दौलत' (१९२९) या कादंबऱ्यांनी त्यांना त्या काळचे सर्वांत लोकप्रिय लेखक केले. आणि १९३१ साली, 'अटकेपार' आले त्याच वर्षी, त्यांनी 'प्रतिभासाधन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कादंबरी कशी रचावी, गुंतागुंत कशी वाढवावी, उकल कोठे करावी, वाचकाचे कुतूहल कसे धरून ठेवावे, याचे इतके रेखीव विवेचन मराठीत त्यापूर्वी झाले नव्हते. फडके व्यवसायाने तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. वर्गात विषयाची मांडणी करावी तशी ते प्रेमाची मांडणी करीत. पहिल्या पानावर उत्सुकता, नंतर क्रमाने एकेक पायरी आणि शेवटी निष्कर्ष.

येथे आमचा एक आक्षेप आहे. स्वतःच्या सवयी ओळखण्याची जी दुर्मीळ संधी फडक्यांना मिळाली, तिचा उपयोग त्यांनी त्या तपासण्यासाठी केला नाही. त्यांनी त्यांचे शास्त्र बनवले. जे आपल्याला साधते तेच तंत्र, अशी मांडणी झाल्यावर लेखकाला बदलण्याचे कारण उरत नाही. पुढे त्यांनी सत्तरांहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, त्यांपैकी अनेकींत राजकीय चळवळींची पार्श्वभूमी आणली, स्थळे बदलली. तरी सुखवस्तू, देखणा, चतुर बोलणारा नायक आणि नेमक्या क्षणी दारात येऊन उभी राहणारी नायिका फारशी बदलली नाहीत. त्यांच्या गद्याची सफाई निर्विवाद आहे. मराठी वाक्य हलके आणि वेगवान कसे करावे हे त्यांनी एका पिढीला शिकवले. परंतु सफाईची सवय इतकी पक्की झाली की अडखळणाऱ्या माणसाचे बोलणे त्यांच्या पानावर येईनासे झाले. आणि प्रेमात पडलेला माणूस बहुधा अडखळतच बोलतो.

ग. त्र्यं. माडखोलकर हे आपल्याला भूगोलाने जवळचे. नागपूर ही १९५६ पर्यंत आपल्या प्रांताची राजधानी होती आणि तेथील वर्तमानपत्रे व पुस्तके बालाघाटच्या मराठी घरांत येत. 'मुक्तात्मा' (१९३३) आणि 'भंगलेले देऊळ' (१९३४) या कादंबऱ्यांनी त्यांनी नाव मिळवले आणि १९४४ पासून नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादन केले. माडखोलकर मुळात कवितेचे रसिक आणि टीकाकार, व्यवसायाने पत्रकार. त्यांच्या प्रेमप्रसंगांत हे दोन्ही हात एकाच वेळी चालताना दिसतात. एक हात संस्कृत काव्याच्या वळणाचे समास जुळवतो आणि दुसरा अग्रलेखाच्या ठाशीव पद्धतीने मुद्दा पटवतो. त्यांचे प्रेमिक एकमेकांजवळ बसून देशाच्या स्थितीविषयी असे बोलतात की उद्याच्या अंकासाठी मजकूर तयार व्हावा. असे असूनही राजकारण आणि शृंगार एकाच घरात राहू शकतात हे त्यांनी मराठी कादंबरीला दाखवले, हे श्रेय त्यांना दिले पाहिजे. सवयीनेही कधी कधी नवे दार उघडते.

वि. स. खांडेकरांचा प्रवास आम्हाला सर्वांत बोधप्रद वाटतो. १९२० पासून १९३८ पर्यंत ते शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. शिक्षकाला प्रत्येक धड्याच्या शेवटी तात्पर्य सांगावे लागते. 'हृदयाची हाक' (१९३०), 'दोन ध्रुव' आणि 'उल्का' (१९३४) या कादंबऱ्यांत उपमा, कल्पना, सुभाषितवजा वाक्ये यांची जी गर्दी आहे तिच्यात या पेशाचा वाटा असावा. पुष्कळ वाचकांनी ही वाक्ये वहीत उतरवून घेतली, तर पुष्कळ टीकाकारांनी त्यांवरच बोट ठेवले. 'क्रौंचवध' १९४२ मध्ये आली. त्यानंतर सुमारे दशकभर खांडेकरांची नवी कादंबरी आली नाही. त्याची कारणे अनेक असतील. परंतु त्या मौनानंतर १९५९ मध्ये जी 'ययाति' आली, तिच्यात सवयींचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे.

'ययाति'मध्ये अलंकार कमी झालेले नाहीत. फुले, ज्वाळा, चांदणे आणि सागर तेथेही आहेत. फरक इतकाच की आता ते लेखकाच्या तोंडी नाहीत. कथा ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने सांगतात. स्वतःच्या वासनेला सुंदर शब्दांत गुंडाळून सांगणारा राजा अलंकारिक बोलणारच. त्याचे प्रत्येक देखणे वाक्य हा स्वतःला माफ करण्याचा प्रयत्न आहे, असे आपण वाचू लागलो म्हणजे तेच अलंकार वेगळे काम करू लागतात. खांडेकरांनी आपली सवय मोडली नाही, तिला योग्य मालक शोधून दिला. यमुनेच्या पाल्हाळाविषयी आम्ही वर जे म्हटले तेच येथे अधिक जाणतेपणाने घडले आहे. या कादंबरीला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, हे सर्वांना ठाऊक आहे. पुरस्कारापेक्षा साठीच्या उंबरठ्यावरील लेखकाने स्वतःच्या लेखणीशी केलेला हा समझोता आम्हाला मोलाचा वाटतो.

आणि मग विश्राम बेडेकरांची 'रणांगण' आहे. १९३९ सालची ही लहानशी कादंबरी म्हणजे युरोपातून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या बोटीवर चक्रधर विध्वंस आणि हॅर्टा या जर्मन ज्यू तरुणीची अल्पायुषी प्रेमकथा. बेडेकर नाटक-चित्रपटांच्या व्यवसायातले. त्या व्यवसायात प्रसंग कोठे तोडायचा हे कळावे लागते आणि पात्राने जे केले ते पुन्हा शब्दांत सांगायचे नसते. 'रणांगणा'त लेखक प्रेमाची व्याख्या करीत नाही, तात्पर्य सांगत नाही, अग्रलेख लिहीत नाही. हॅर्टाची पत्रे तो वाचकाच्या हाती देतो आणि बाजूला होतो. फडके-खांडेकरांच्या ऐन बहरात ही कादंबरी आली. तिची खरी किंमत कळायला मराठी समीक्षेला बराच काळ लागला, कारण वाचकाच्या कानालाही सवयी असतात.

या चार-पाच उदाहरणांतून एक गोष्ट पुढे येते. लेखकाच्या सवयी त्याच्या पोटापाण्याच्या उद्योगातून येतात. साप्ताहिकाने हरिभाऊंना, वर्गाने फडके-खांडेकरांना, वर्तमानपत्राने माडखोलकरांना आणि रंगभूमी-चित्रपटाने बेडेकरांना वळण लावले. तर मग सरकारी नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांचे काय?

बंकिमचंद्र चट्टोपाध्याय १८५८ पासून डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते आणि १८६५ सालची त्यांची 'दुर्गेशनंदिनी' ही बंगालीतील पहिली मोठी प्रेमकादंबरी. ते १८९१ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर, १८९३ साली त्यांनी 'राजसिंह' आणि 'इंदिरा' ही आपलीच जुनी, लहान पुस्तके पुन्हा लिहून कित्येक पटींनी मोठी केली. छापून झालेल्या पुस्तकालाही खर्डा समजण्याची ही वृत्ती विलक्षण आहे. वरिष्ठांकडून परत आलेली नस्ती पुन्हा लिहिताना अधिकाऱ्याला कमीपणा वाटत नाही, ती शिस्त बंकिमबाबूंनी साहित्यात आणली असे म्हणता येईल. इंग्रज लेखक अँथनी ट्रॉलप टपाल खात्यात होता. पहाटे उठून घड्याळ समोर ठेवायचे आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचे हा त्याचा नेम. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, त्यात हा हिशेब वाचून रसिक मंडळी नाराज झाली आणि त्याची प्रतिष्ठा काही काळ उतरली. प्रतिभेचा असा जमाखर्च लोकांना आवडत नाही. आम्हाला मात्र त्या हिशेबात प्रामाणिकपणा दिसतो. नेमाने लिहिणाऱ्याचाच खर्डा पुरा होतो.

आता आपल्या घरी येऊ. भोसल्यांच्या अमदानीत, पुढे इंग्रजी राज्यात कचेरी, मालगुजारी, रेल्वे आणि मँगनीजच्या खाणींच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे या भागात स्थिरावली, त्यांची आजची पिढी हिंदीत शिकते आणि घरी मराठी बोलते. १९५६ च्या प्रांतरचनेनंतर आपली राजधानी नागपूरऐवजी भोपाळ झाली आणि कागदावरची मराठी आपल्या व्यवहारातून गेली. तरीही लिहिण्याची हौस गेली नाही. निवृत्तीनंतर वेळ हाती आल्यावर आपल्यापैकी अनेकांनी वह्या भरल्या आहेत. आम्हीही एक प्रेमकादंबरी लिहिली. बालाघाट आणि वारासिवनी या दोन गावांत घडणारी, छोट्या लाइनीच्या दिवसांतली. तिचा खर्डा पुरा झाल्यावर आम्ही तो लाल-निळी पेन्सिल घेऊन वाचला. जे इतरांच्या पुस्तकातून आले असे वाटले त्याखाली लाल रेघ, जे कचेरीतून आले त्याभोवती साधा कंस आणि जे आपल्या घराच्या, गल्लीच्या, बाजाराच्या बोलण्यातून आले त्याखाली निळी.

कचेरीचे कंस अपेक्षेप्रमाणे निघाले. नायकाच्या मनात नायिकेविषयी 'आपुलकी निर्माण झाल्याचे दिसून येत होते'. तिच्या वडिलांचा नकार 'यथावकाश प्राप्त झाला'. प्रत्येक प्रकरणात आधी पार्श्वभूमी, मग वस्तुस्थिती, मग अभिप्राय. कर्ता लपवून क्रिया सांगणे ही नोटशीटची शैली आहे, कारण तेथे निर्णयाची जबाबदारी कोणा एकाची दिसू द्यायची नसते. प्रेमात मात्र कर्ता लपवून चालत नाही. तरी या कंसांनी आम्हाला एक पात्र दिले. नायिकेचे वडील तहसील कचेरीतले. ती सगळी भाषा त्यांच्या तोंडी घातली आणि मुलीच्या लग्नाविषयी टिप्पणी लिहावी तसे बोलणारा एक खरा माणूस उभा राहिला. खांडेकरांपासून घेतलेला धडा हाच.

लाल आणि निळ्या रेघांनी अधिक विचारात पाडले. भांडणाच्या, थट्टेच्या, स्वयंपाकघरातल्या, स्टेशनावरच्या प्रसंगांत निळी रेघ जवळजवळ सलग होती. पात्रे 'येऊन राहिलो', 'काहून', 'बोलून राहिली' असे सहज बोलत होती, मध्येच हिंदीत जात होती आणि परत येत होती. पण नायक-नायिका एकांतात आली की पान लालच लाल. वारासिवनीची मुलगी एकदम सदाशिव पेठेत जन्मल्यासारखी बोलू लागे, किंवा मग तिचे बोलणे हिंदी चित्रपटातल्या गाण्याच्या वळणावर जाई. रागावायला तिच्याजवळ स्वतःची भाषा होती, प्रेम करायला नव्हती.

हे केवळ आमच्या वहीपुरते नाही असे आम्हाला वाटते. मंडळातील ज्या स्नेह्यांनी आपले लेखन विश्वासाने वाचायला दिले त्यांच्या पानांतही हाच पालट त्याच जागी होतो. कारण शोधू गेल्यास ते आपल्या घरांत सापडते. आपल्या आईवडिलांच्या पिढीत नवराबायको एकमेकांशी चारचौघांत प्रेमाचे बोललेले कोणी ऐकले नाही. प्रेमाची म्हणून जी भाषा आमच्या पिढीने ऐकली ती वाचनालयातल्या फडके-खांडेकरांच्या पुस्तकांतून किंवा टुरिंग टॉकीजच्या पडद्यावरून. दोन्ही ठिकाणची भाषा बाहेरची. ती आम्ही इतक्या आवडीने उचलली की साहित्याची मराठी तीच, आणि आपली ती निव्वळ बोलायची, अशी वाटणी मनात पक्की झाली. खर्डा पुरा झाल्याशिवाय ही वाटणी डोळ्यांना दिसत नाही.

घरातली मराठी साहित्याला पुरेशी नाही असे मानण्यास इतिहासाचा आधार नाही. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ 'लीळाचरित्र' हा वऱ्हाडात, रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केला आणि तो माणसांच्या बोलण्याने भरलेला आहे. अलीकडच्या काळात अमरावतीच्या उद्धव शेळके यांनी १९६० साली 'धग' लिहिली. तिची नायिका कौतिक वऱ्हाडी बोलते, आणि मराठीतील श्रेष्ठ कादंबऱ्यांत तिची गणना होण्यात त्या बोलीने अडथळा आणला नाही, उलट बळच दिले. याच शेळक्यांनी पुढे उदरनिर्वाहासाठी पुष्कळ रंजक प्रेमकादंबऱ्या लिहिल्या. वाचकांच्या स्मरणात राहिली ती 'धग'. बाजाराच्या सवयीने लिहिलेले आणि कानाने ऐकून लिहिलेले यांतला फरक एकाच लेखकाच्या हातून यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

आणखी एक उदाहरण थेट आपल्यासारख्यांचे आहे. मध्य प्रदेशातील एका मराठी घरातले दोन भाऊ. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे मोठे कवी झाले, धाकटे शरच्चंद्र मराठीचे कवी आणि कादंबरीकार. शरच्चंद्रांनी आपल्या पहिल्या कादंबरीला १९५४ मध्ये नाव दिले 'क्षिप्रा'. उज्जैनची नदी मराठी कादंबरीच्या मुखपृष्ठावर आली. मुळा-मुठेच्या काठी घडल्याशिवाय मराठी कादंबरी होत नाही, या समजाला ते एका शब्दाचे उत्तर होते. आपली वैनगंगा अद्याप तशी वाट पाहत आहे.

तर मग लाल रेघा सगळ्या पुसून टाकाव्यात काय? तसे आमचे म्हणणे नाही. फडक्यांची सफाई आणि खांडेकरांची कल्पकता हा आपल्या वाचनाचा वारसा आहे आणि वाचलेल्या पुस्तकांचा परिणाम होऊ न देणारा वाचक कोरडाच राहतो. छोट्या लाइनीच्या काळातली, पुस्तके वाचणारी मुलगी पत्र लिहिताना पुस्तकी लिहील, आणि ते खरेच असेल. तिच्या पत्रांतली लाल रेघ आम्ही तशीच ठेवली आहे. पण ती स्टेशनावर उभी आहे, त्याची गाडी निघायची आहे आणि तिला काही सांगायचे आहे, तेथे आम्ही चांदण्याची दोन वाक्ये काढली. आता ती म्हणते, "गाडी अजून उभीच आहे, थांबा ना जरासे." एवढेच. आमच्या मते त्या प्रकरणात आता प्रेम आहे.

असे वाक्य सापडण्यासाठी पहिल्या खर्ड्यातली चांदण्याची पानेही लिहावी लागतात. सवय ही लेखकाला एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारी गोष्ट आहे. तिच्याशिवाय खर्डा पुरा होत नाही आणि तिच्यासह तो छापायला द्यावा असाही राहत नाही. सवयीने लिहावे आणि सावधपणे वाचावे, हा दुहेरी व्यवहार आहे. फडक्यांनी पहिला अर्धा उत्तम सांभाळला, बंकिमबाबूंनी दुसराही सांभाळला.

आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या ट्रंकेत अशा पुऱ्या झालेल्या वह्या आहेत त्यांना आमची एक विनंती आहे. स्वच्छ प्रत करण्याची घाई करू नये. वही महिनाभर बाजूला ठेवावी, मग ती मोठ्याने वाचावी, शक्य तर घरातल्या अशा माणसाला वाचून दाखवावी जो साहित्य वाचत नाही पण मराठी बोलतो. तो जेथे हसेल किंवा 'असे कोण बोलते?' म्हणून विचारील तेथे खूण करावी. आपल्या नातवंडांच्या पिढीला हिंदी येईल, इंग्रजी येईल. बालाघाटात माणसे मराठीत कशी रागावत, कशी थट्टा करीत आणि कशी प्रेम करीत, हे मात्र त्यांना या वह्यांखेरीज अन्यत्र सापडणार नाही. मंडळाच्या पुढील बैठकांत अशा हस्तलिखितांतील एकेक प्रकरण वाचून त्यावर चर्चा करावी, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीसमोर ठेवीत आहोत. येताना पेन्सिल आणावी, दोन्ही टोकांना धार काढलेली.